बायजीच्या आधी बोलणारी पट्टी

ज्याला बोलण्याचा अधिकार आहे त्याच्या आधी इतरांनी बोलू नये, ही मर्यादा माणसांच्या जगात बहुतेकांना ठाऊक असते आणि फार थोड्यांकडून पाळली जाते. यंत्रांना ती ठाऊकही नसते. तेव्हा यंत्राने आगाऊपणा केला तर दोष यंत्राचा, ते घडवणाऱ्याचा, की ते देवीसमोर नेऊन ठेवणाऱ्याचा, हा प्रश्न धर्मदृष्ट्या लहान म्हणता येणार नाही. तलासरीच्या पूर्वेकडील मोहपाड्यावर २०१७ सालच्या लग्नसराईत हा प्रश्न एका खाटेवर मांडला गेला, आणि त्याचा निर्णय होईपर्यंत मसोलीच्या योगिताच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

योगिताचा फोटो स्टुडिओ मसोलीत रस्त्याला लागून होता. किनाऱ्यावरच्या बारशांपासून डोंगरपाड्यांवरच्या लग्नांपर्यंत सर्वत्र तिचा कॅमेरा फिरत असे. तिच्या जुन्या संगणकाचा अंत मात्र शोचनीय झाला होता. गिऱ्हाइके आपापले पेनड्राइव्ह घेऊन येत, पेनड्राइव्हमधून गाणी येत, गाण्यांचे बोट धरून व्हायरस येत, आणि एके दिवशी त्या यंत्राने डोळे मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत. तेव्हा तिचा धाकटा दीर उमेश, जो बोर्डीला मुलांना संगणक शिकवीत असे, एक लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने त्यात लिनक्स या कार्यप्रणालीची प्रतिष्ठापना केली. हा शब्द विचारपूर्वक योजला आहे. त्या वेळी उमेशच्या मुद्रेवर जो भाव होता, तो एरवी गणपती बसवणाऱ्या यजमानाच्याच मुद्रेवर दिसतो.

"वहिनी, यात व्हायरस येत नाही," तो म्हणाला होता. "आणि न मागता काही समोर येत नाही. हा आपल्या हुकमात चालतो."

हे वचन पहिले कार्ड घालेपर्यंत टिकले. योगिताने कॅमेऱ्यातले कार्ड काढून लॅपटॉपला लावले, फाइल मॅनेजरची खिडकी उघडली, आणि त्या खिडकीच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी प्रकट झाली. तिच्यावर लिहिले होते, 'या माध्यमात डिजिटल छायाचित्रे आहेत.' उजव्या टोकाला एक बटण होते. ते दाबल्यास ती छायाचित्रे कोणत्या प्रोग्रॅमने उघडावीत याचीही सोय पट्टीने परस्पर करून ठेवली होती. तिला घालवण्यासाठी फुली मात्र कोठेही नव्हती. फोटो काढणाऱ्या बाईला तिच्याच कार्डात फोटो आहेत हे सांगणे म्हणजे कोळणीला तिच्या पाटीत मासळी असल्याची वर्दी देण्यापैकी होते. परंतु योगिताला कामे पुष्कळ होती. आपल्याच दारावरच्या पाटीकडे घरचे माणूस जसे पाहत नाही, तशी ती त्या पट्टीकडे पाहीनाशी झाली. मोहपाड्याचे लग्न आले नसते तर ती पट्टी आणि योगिता एकमेकींना न ओळखता सुखाने नांदल्या असत्या.

त्या पाड्यांवरची लग्ने धवलेरी लावते. ती स्त्री असते, तिचा सगळा विधी तिच्या कंठात असतो, आणि लग्नघरात पहिला शब्द तिचा असतो. घराच्या आतल्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी बसते. तो चौक आधी झाकलेला असतो. तो उघडताना देवी कोण, कोठून आली, कशासाठी आली, हे धवलेरीने गाऊन सांगायचे असते. तिने सांगेपर्यंत बाकीच्यांना ते ठाऊक नसते, निदान ठाऊक नसल्यासारखे उभे राहण्याची रीत आहे.

मोहपाड्याची धवलेरी बायजी. तिचे वय तिलाही सांगता येत नसे आणि ते तिला विचारण्याची प्राज्ञा इतरांना नव्हती. देवांशी ती घरातल्या माणसांशी बोलावे तशी बोले, आणि माणसांशी त्याहून अधिक आदराने बोलण्याचे कारण तिला आजवर सापडले नव्हते. चौकाचा फोटो काढण्याची परवानगी तिने पूर्वी कोणालाही दिली नव्हती. शहरातून आलेले पाहुणे मोबाइल उंचावून आत शिरू लागले, की ती गाणे मधेच थांबवी आणि त्यांच्याकडे अशी पाही की मोबाइल आपोआप खिशात जाई.

या खेपेस लग्न होते रविनाचे. चौक लिहिला होता तिच्या आईने, गंगीने. इतर सवासिनी मदतीला होत्या, पण हात गंगीचा होता. आणि ज्या भिंतीवर तो लिहिला होता ती कुडाची भिंत लग्नानंतर उतरवायची ठरली होती, कारण त्या जागी विटांचे पक्के घर उभे राहायचे होते. लेक सासरी जाणार आणि तिच्या लग्नाचा चौक मातीत जाणार, हे दोन्ही गंगीने मान्य केले होते. तिने मागितले ते इतकेच, की एक फोटो राहू द्या. गंगीने बायजीकडे जन्मात दुसरे काही मागितले नव्हते. बायजीने योगिताला बोलावून अट घातली. फोटो एकच काढायचा. तो कॅमेऱ्यातच राहील, दुसऱ्या कुठल्या पेटीत उतरवायचा नाही. आधी बायजी स्वतः, मोठा करून, पाहील. पटला तर गंगीचा, न पटला तर तिच्या डोळ्यांसमोर पुसायचा. योगिताने शब्द दिला, आणि शब्द पाळणाऱ्यांपैकी ती होती. पुढचा सगळा खोळंबा त्यातूनच झाला.

लग्न पार पडले. भिंत उतरली. लाल मातीचा ढीग अंगणाच्या कडेला जाऊन बसला. त्यानंतर योगिता लॅपटॉप पाठीला लावून मोहपाड्यावर गेली.

मोहाच्या झाडाखाली खाट टाकली होती. खाटेवर बायजी बसली. गंगी हात पुसत मागे उभी राहिली. बायजीचा दीर शुक्रा, ज्याला बोलावण्याची वेळ कधीच येत नसे, तो बोलावण्याआधीच येऊन बसला होता. योगिताने कॅमेऱ्यातले कार्ड काढले, लॅपटॉपला लावले, खिडकी उघडली, आणि पिवळी पट्टी आपल्या नेमाप्रमाणे सर्वांच्या आधी हजर झाली.

बायजीला अक्षर येत नव्हते. पण वरच्या जागी जे बसते ते महत्त्वाचे असते, एवढे तिला आयुष्याने शिकवले होते. तिने बोट दाखवून विचारले, "वर काय लिवलंय?"

येथे योगिताला खोटे बोलता आले असते. तारीख आहे, वेळ आहे, दुकानाचे नाव आहे, काहीही सांगून चालले असते. परंतु देवीचा फोटो दाखवायला बसून पहिल्याच वाक्यात खोटे बोलावे हे तिच्या जिवावर आले. ती म्हणाली, "यात फोटो आहेत, असं लिहिलंय."

"हे सांगनारी ही कोन?"

"कोणी नाही, आजी. कम्प्युटर आपलं आपणच सांगतो."

"कुनी इचारलं तिला?"

खरे पाहता या प्रश्नाचे उत्तर ती पट्टी घडवणाऱ्या दूरदेशीच्या विद्वानांजवळही नसावे.

शुक्राला मात्र सगळे स्वच्छ दिसले होते. "वयनी, दुसरी धवलेरी आनलीय," तो म्हणाला. "शिकलेली हाय. गात नाय, लिवून दावते."

बायजीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. देवीच्या दारात तिच्या आधी आजवर कोणी तोंड उघडले नव्हते, आणि ही पिवळी बाई आमंत्रण नसताना येऊन, सर्वांच्या डोक्यावर बसून, आत काय आहे ते जाहीर करीत होती. योगिताने समजावून पाहिले, की फोटो उघडला म्हणजे तो सबंध पडदाभर होतो आणि पट्टी त्याच्या खाली जाते. याने प्रकरण अधिकच बिघडले. देवीला त्या आगाऊ बाईच्या डोक्यावर बसवायचे आहे काय, असे बायजीने विचारले. मग तिने निकाल दिला. पुढच्या बाजाराच्या दिवसानंतर योगिताने पुन्हा यावे. पट्टी गेलेली असेल तर देवी उघडावी.

"नाय गेली," ती शेवटी म्हणाली, "तर पूस."

गंगी योगिताला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. जीप दिसू लागली तेव्हा म्हणाली, "कूड पाडला तवा मी रडले नाय. फोटो हाय म्हनून." आणि परत फिरली.

मसोलीला पोचेपर्यंत योगिताच्या कानात तेच वाक्य होते. तिने संध्याकाळी उमेशला बोलावून घेतले आणि, न मागता काही समोर येत नाही असे कोण म्हणाले होते, एवढेच विचारले. उमेश दुखावला. त्याच्या दैवतावर आळ आला होता. तो म्हणाला, "वहिनी, हे चुटकीसरशी होतं. आधी फोटो कॉपी करून घे, मग बघू." योगिताने मान हलवली. कॉपी करायची नाही, असा शब्द दिला होता. उमेशने हात जोडले. संगणकाच्या जगात फोटोची प्रत काढणे म्हणजे श्वास घेण्यासारखे असते, आणि येथे त्याला श्वास न घेता पोहायला सांगितले जात होते.

त्याने सेटिंग्ज उघडल्या. कार्ड घातल्यावर काही विचारू नये, काही सुरू करू नये, काहीही करू नये, अशा तिन्ही प्रकारच्या निषेधांवर त्याने बरोबरच्या खुणा केल्या. चाचणीसाठी दुसऱ्या कार्डात बारशाचे फोटो होते, ते लावले. यंत्राने काही विचारले नाही, काही सुरू केले नाही, आणि पट्टी मात्र जागच्या जागी होती. मग त्याने काळी खिडकी उघडली, जिला ते लोक टर्मिनल म्हणतात, आणि तिच्यात तो आज्ञा लिहू लागला. ते दृश्य मंत्रोच्चारासारखेच होते, फरक इतकाच की मंत्र चुकला तर फळ मिळत नाही आणि येथे दुसरेच काहीतरी मिळते. एका आज्ञेसरशी पडद्यावरचे सगळे फोल्डर नाहीसे झाले. घोलवडच्या वाडीवाल्याच्या मुलीचे लग्न, बोर्डीचे स्नेहसंमेलन, तीन बारशी आणि एक तेरावे, सारे क्षणात अंतर्धान पावले. पडद्यावर उरले ते निळे निरभ्र आकाश.

"कुठे गेलं सगळं?" योगिताने विचारले. तिचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच उमेश घाबरला.

"गेलं नाहीये. फक्त दिसत नाहीये."

"गिऱ्हाईक आलं की हेच सांगू?"

पुष्कळ खटाटोपाने सृष्टी पूर्ववत झाली. पट्टीही तिच्यासोबत परतली. पुढच्या संध्याकाळी उमेशने सांगितले, की खरे पाहता फाइल मॅनेजरचा मूळ प्रोग्रॅम उतरवून घेऊन, त्यातून हा भाग वगळून, तो नव्याने बांधावा लागेल. योगिताने त्याला एवढेच विचारले, की गंगीचा फोटो पुसला जाईल तो याच्या आधी की नंतर. परंतु हार मानणे उमेशच्या रक्तात नव्हते. तिसऱ्या संध्याकाळी तो उजळलेल्या चेहऱ्याने दुकानात आला. त्याने एक युक्ती केली होती. पट्टीचा रंग, तिच्यावरच्या अक्षरांचा रंग आणि बटणाचा रंग, तिन्ही त्याने खिडकीच्या रंगाशी एकरूप करून टाकले होते. कार्ड घातले तर काहीच दिसत नव्हते. फोल्डरच्या वर थोडी कोरी जागा होती, एवढेच.

"गेली?" योगिताने विचारले.

"गेल्यात जमा," उमेश म्हणाला. योगिताला हे उत्तर तितकेसे आवडले नाही. पण बाजाराचा दिवस उलटला होता.

मोहपाड्यावर या वेळी उमेशही आला. खाट तीच, झाड तेच. बघ्यांची संख्या मात्र वाढली होती, कारण शिकलेल्या धवलेरीची कीर्ती शुक्राने घरोघर पोचवली होती. उमेशने आरंभी छोटेसे भाषण केले. यंत्रे माणसासाठी असतात, माणसे यंत्रासाठी नसतात, अशा आशयाचे ते होते आणि कोणी ऐकले नाही. त्याने कार्ड लावले. खिडकी उघडली. पिवळे काही आले नाही. गंगीने सुटकेचा निःश्वास टाकला.

बायजी पुढे वाकली आणि तिने त्या कोऱ्या जागेकडे निरखून पाहिले. "हे वर मोकळं का?"

"काही नाही, आजी. रिकामी जागा आहे."

"कुनासाठी सोडलीय?"

उमेश उत्तर शोधीत असता त्याचे बोट लॅपटॉपवर सरकले, बाण त्या कोऱ्या जागेवरून गेला, आणि दडवलेले बटण क्षणभर उजळून पुन्हा विझले. ते सर्वांनी पाहिले.

"बसलीय की," बायजी म्हणाली. "तोंड झाकून बसलीय."

"लाजली," शुक्रा म्हणाला.

अंगणातले हसू ओसरायला वेळ लागला. उमेशचे कान तांबडे झाले. योगिताने गंगीकडे पाहण्याचे टाळले. आता 'पूस' हा शब्द येणार आणि आपल्याला तो पाळावा लागणार, हे तिला दिसत होते. तिचे बोट नकळत कार्डाच्या कडेवर जाऊन थांबले.

परंतु बायजीला राग आला नव्हता. दुसऱ्याच्या घरात न बोलावता शिरून, हाकलल्यावर तोंड झाकून का होईना पण जागा न सोडणारी बाई तिने प्रथमच पाहिली होती, आणि असा चिवटपणा तिला मनातून परका नव्हता. तिने उमेशला विचारले, की आत फोटो आहेत हे हिला कळते कसे. ही आत डोकावून पाहते काय?

उमेश शिक्षक होता. प्रश्न विचारला गेला की त्याचा अपमान विरघळत असे. त्याने सांगितले, की ती काहीही पाहत नाही. कॅमेरा आपले सगळे फोटो एका ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. जगातले सगळे कॅमेरे तेच नाव वापरतात. कार्ड लावले, की संगणक त्या नावाचा फोल्डर आहे का एवढेच शोधतो, आणि सापडला की पट्टी लावून मोकळा होतो. त्यात देवी आहे की दगड, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

"म्हंजे नावावर येते," बायजी म्हणाली.

"नावावर येते," उमेशने दुजोरा दिला.

अंगणातल्यांनी एकमेकांकडे पाहिले. ते कशामुळे, हे उमेशला कळले नाही. बाकी सर्वांना कळले. त्या पाड्यांवर एखादे तान्हे पोर कारण नसता रडत राहिले, दूध घेईना, झोपेना, तर त्याला लागलेले नाव त्याला मानवत नाही असे समजतात. मग त्याचे नाव बदलतात. जे काही त्या नावाच्या मागावर येत असते त्याला पोर सापडत नाही, ते आल्या वाटेने परत जाते, आणि पोर झोपते. यात शंका घेण्यासारखे काही आहे असे तेथे कोणाला वाटत नाही, कारण पोरे खरोखरच झोपतात.

"माझं नाव आधी चैत्या होतं," शुक्रा योगिताला माहितीदाखल म्हणाला. "रडून पाडा जागवला. मग शुक्रा केला."

"तवा रडनं थांबलं," बायजी म्हणाली. "बडबड सुरू झाली."

तेव्हा मागे उभी असलेली गंगी बोलली. तिचे बोलणे इतके हळू होते की पुढच्यांना मान वळवावी लागली. "मग याचंबी नाव बदला ना."

हा प्रकार त्या जातीचा नव्हे, हे समजावून सांगण्यासाठी उमेशने तोंड उघडले. आणि तसेच काही काळ उघडे ठेवून मिटले. कारण हा प्रकार नेमका त्याच जातीचा होता, आणि नाव बदलले की ओळख पटणार नाही हे तर त्यानेच आत्ता स्वमुखाने सांगितले होते. टर्मिनल झाले, रंग झाले, पण हे त्याच्या मनात आले नव्हते. आणि तीन संध्याकाळी वाया घालवल्यावर ते आपल्याच व्याख्यानातून निघावे, याचा त्याला थोडा रागही आला.

"करून बघू," तो म्हणाला.

नामकरण म्हटल्यावर अंगणात मते आली. शुक्राने सुचवलेली दोन नावे येथे देण्याजोगी नाहीत. कोणी म्हणाले पालघट ठेवा. बायजीने नकार दिला, की देवीचे नाव असे डबीवर लावायचे नसते. शेवटी तिने गंगीकडे पाहिले. पोर जिचे, नाव तिने ठेवावे.

"रविना," गंगी म्हणाली.

उमेशने जुने नाव पुसून ते लिहिले. कार्ड काढले, पुन्हा लावले. खिडकी उघडली. वर पिवळे काही नव्हते आणि कोरेही काही नव्हते. माथ्याला भिडून एकच फोल्डर बसला होता, आणि त्याच्याखाली लेकीचे नाव होते. उमेशने बाण उगाचच इकडून तिकडे फिरवून पाहिला. काही उजळले नाही.

बायजीने डोक्यावर पदर ओढून घेतला. मग ती गाऊ लागली. लग्नातल्याइतके मोठ्याने नव्हे. घरातल्या घरात, जणू कोणाला तरी झोपेतून हळुवार उठवीत असावी तसे. देवी कोण, कोठून आली, कशासाठी आली, ते तिने सांगितले. शुक्रादेखील त्या वेळात बोलला नाही, आणि पाड्यावरच्या वृद्धांच्या मते हेही त्या दिवशीचे एक आश्चर्यच होते. गाणे संपल्यावर ती योगिताला म्हणाली, "आता दाव."

योगिताने फोटो उघडला. लाल भिंतीवर पांढरा चौक पडदाभर झाला. मधे देवी, भोवती घोडे, वर चंद्र आणि सूर्य, कडेला फणी आणि शिडी, आणि चौकटीच्या नक्षीतली प्रत्येक रेघ गंगीच्या हाताची. जी भिंत अंगणाच्या कडेला ढीग होऊन पडली होती, ती खाटेवर उभी होती. बायजीने नाक पडद्याला लागेल इतके जवळ जाऊन तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. डाव्या कोपऱ्याशी ती थांबली.

"हे कोपर कोनाचं?"

सगळ्यांनी शुक्राकडे पाहिले. शुक्राने आपले कोपर मांडीखाली घातले.

"हे काप," बायजी म्हणाली. "बाकी ऱ्हाऊ दे."

परवानगी याच शब्दांत मिळाली. गंगी जमिनीवर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. कूड पाडताना राखून ठेवलेले रडणे तिने तेथे पुरे केले.

गोष्ट येथे सुफळ व्हायला हरकत नव्हती. परंतु आनंदाच्या भरात योगिताला वाटले, की बायजी आणि गंगी या दोघींचा एक फोटो घ्यावा. तिने कार्ड काढले, कॅमेऱ्यात घातले, आणि सवयीने आधीचा फोटो पाहण्याचे बटण दाबले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरे आली: फोटो नाहीत. तिने पुन्हा दाबले. फोटो नाहीत. गंगी समोरच बसली होती, डोळे पुसून नुकतीच हसली होती. योगिताने कॅमेरा उमेशपुढे धरला.

उमेशनेही ते बटण दाबून पाहिले. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. कॅमेराही आपले फोटो त्याच जुन्या नावाने शोधीत होता. रविना कोण, हे त्याला ठाऊक नव्हते.

हे त्याने समजावून सांगितले तेव्हा शुक्राने एवढ्या वेळाचे मौन सोडले. "पोराचं नाव बदललं," तो म्हणाला, "पन आईला सांगितलं नाय."

त्या वेळी बायजी हसली. तिला हसताना पाहिलेली माणसे पाड्यावर फार नव्हती. उमेशने कार्ड पुन्हा लॅपटॉपला लावले; फोल्डर जागच्या जागी होता, फोटो त्यात होता, शुक्राच्या कोपरासह. आता परवानगी होती, म्हणून योगिताने प्रथमच तो संगणकात उतरवून घेतला. मग उमेशने कार्डावर जुने नाव परत लिहिले, आणि कॅमेऱ्याने आपल्या लेकराला ओळखले.

संगणकात उतरलेला फोल्डर योगिताने सर्वांसमोर उघडला. त्याच्या माथ्यावर पट्टी नव्हती. तेथे ती कधीच येत नसे. आपली दवंडी ती फक्त बाहेरून आलेल्या कार्डावर पिटत असे. योगिताला हे इतकी वर्षे दिसत होते आणि तिने पाहिले नव्हते. उमेशला ठाऊक होते आणि आठवले नव्हते. उमेश म्हणाला, की कॉपी करू दिले असते तर हा सगळा व्याप झालाच नसता.

"घरच्याला कोन इचारतं तू कोन म्हनून," बायजी म्हणाली. "पन घरचा करायच्या आधी मी बघायला नको?"

उमेशने निमूटपणे रंगांची युक्ती काढून टाकली आणि पट्टीला तिचा पिवळा वर्ण परत दिला. वहिनी, अजूनही सांग, मूळ प्रोग्रॅममधून कायमची काढून देतो, असे त्याने परतीच्या वाटेवर जीपमध्ये दोनदा म्हणून पाहिले. योगिता म्हणाली, की आधी शुक्राकाकाचे कोपर काढू या.

कोपर निघाले. चौक मोठा छापून, काच लावून, गंगीच्या नव्या विटांच्या घरात भिंतीवर चढला, आणि त्या दिवशीही बायजीने आधी गाऊन मग त्याच्यावरचे कापड काढले. रविना माहेरी आली की आधी त्याच्यापुढे उभी राहते. योगिता आता कोणत्याही लग्नाचे कार्ड लावले की प्रथम फोटो आत घेते आणि मगच माणसांना दाखवते. तेवढ्या अवधीत पिवळी पट्टी येते, आपले एकच वाक्य सांगते आणि जाते. दुकानात तिला बायजीची सवत म्हणतात.

गंगीच्या हातातली रेघ अशीच सरळ राहो. बायजीला तिचा पहिला शब्द दीर्घकाळ लाभो, आणि शुक्राला, जमल्यास, दुसरा. योगिताचा शब्द असाच पाळला जावो, उमेशच्या आज्ञा त्याच्या हेतूप्रमाणे फळोत. आणि ती पट्टी जिने कुणा दूरच्या घरात बसून, भल्या मनाने, आपल्याला कोणी विचारले नाही हे न जाणता लिहिली असेल, तिचेही कल्याण होवो.